वल्ह्याची काठी

बाबा उरणजवळ मोऱ्याला होड्या बांधायचे. चाळीसेक वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका सकाळी काम करता करता त्यांच्या हातातून लाकूड तासायचा वाकस गळून पडला आणि उजवी बाजू लुळी पडली. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक. दवाखान्यातून मी त्यांना रोडपालीला माझ्या घरी आणलं. नवरा तळोज्याला कारखान्यात पाळीवर जायचा, मी पनवेलला एका कचेरीत टायपिस्ट होते.

तीन महिन्यांनी पायात थोडी ताकद आली. डॉक्टर म्हणाले, आता काठी घेऊन चालवा. नवऱ्याने अॅल्युमिनियमची आणली, कमी-जास्त उंच करता येणारी. बाबांनी ती दोन दिवस वापरली आणि दाराआड उभी केली.

"का हो बाबा?"

"हलकी हाय. भरवसा नाय येत." आजारानंतर ते तुटक बोलायचे, जीभ जड झाली होती. मग म्हणाले, "काठी करायची."

"कोण करणार?"

"तू."

मी हसले. मी आयुष्यात भिंतीत खिळासुद्धा ठोकला नव्हता. पण ते हसले नाहीत. म्हणून रविवारी मी रस्त्याकडेच्या सुबाभळीची एक सरळ फांदी तोडून आणली, साल काढली आणि गॅलरीत वाळत ठेवली. आठ दिवसांत ती धनुष्यासारखी वाकली. बाबांनी नुसतं बघितलं. "ओलं लाकूड. वाकनारच. घरी माझं वल्हं हाय, ते आन. आन् हत्यारांची पिशवी."

पुढच्या रविवारी मी मोऱ्याला गेले. तिथं शेजारीच आत्या राहायची. तिनं आढ्याला टांगलेलं वल्हं काढून दिलं. पातं सोडवून तिथंच ठेवलं, तरी दांडा माझ्यापेक्षा उंच होता. एस.टी.त तो बाकाखाली मावेना. कंडक्टर म्हणाला, "ताई, होडी मागनं येतेय का?" सगळी बस हसली. मी पनवेलपर्यंत दांडा मांडीवर आडवा धरून बसले.

काम गॅलरीत सुरू झालं. बाबा खुर्चीवर, मी जमिनीवर. त्यांनी डाव्या हाताच्या वितीने माप दाखवलं, मी करवतीने दांड्याचे दोन तुकडे केले. एक काठीसाठी, एक उरला. मग तासायला बसले. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले. कचेरीत टाइप करताना अंगठा दुखायचा.

"उलटा मारू नको. रेघा बघ, लाकडाच्या. तिकडनं इकडं."

"तेच करतेय."

"नाय करत."

असं रोज संध्याकाळी. ते कधी चांगलं म्हणाले नाहीत, पण ओरडणं कमी झालं की मी समजायचे, बरं चाललंय. चौथ्या दिवशी दांडा गोल दिसायला लागला. मी चहा टाकायला आत गेले. बाहेरून एकच आवाज आला, जोराचा. येऊन बघते तर बाबांनी दांडा गुडघ्यांत धरलेला, वाकस डाव्या हातात, आणि दांड्याला मध्यावर खोल घाव. त्यांना एका बाजूचा उंचवटा खटकत होता. स्वतःच काढायला गेले होते.

मी वाकस त्यांच्या हातातून काढून घेतला. गुडघा वाचला, हेच नशीब.

"भुसा आणि सरस भरते त्यात," मी म्हणाले.

"नको. वजन टाकलं की तिथंच तुटंल." मग म्हणाले, "माझं चुकलं." बाबांच्या तोंडून हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आई असताना कधी ऐकलं नव्हतं, आणि आईशी त्यांची भांडणं काही कमी झाली नव्हती. मी चहा आणून दिला. त्यांनी तो बशीत ओतून घेतला, नेहमीसारखा.

दुसऱ्या दिवशी मी उरलेला तुकडा काढला. यावेळी ते फारसं बोलले नाहीत आणि मलाही विचारावं लागलं नाही. दोन संध्याकाळींत दांडा गोल झाला. फुटक्या बाटलीच्या काचेने खरवडला, मग काचकागदाने घासला. घाव बसलेल्या तुकड्यातून वेगळी मूठ करताना मात्र अडले. मी माझ्या उजव्या हाताच्या मापाने कोरत होते आणि काठी धरायची होती त्यांच्या डाव्या हातात. शेवटी गव्हाच्या कणकेचा गोळा करून त्यांना मुठीत दाबायला लावला, आणि त्या ठशावरून मूठ कोरली. ही युक्ती माझी. ते म्हणाले, "हं."

मुठीत भोक पाडून दांड्याचं टोक त्यात घट्ट बसवलं, वरून पाचर ठोकली. खाली रबरी टोपी. दोन हात जवसाचं तेल दिलं. त्यांना पायात चप्पल घालून सरळ उभं केलं आणि मनगटाच्या उंचीला खूण करून खालून बोटभर कापलं.

पहिल्या दिवशी ते दारापासून जिन्यापर्यंत गेले. मी मागे हात पसरून उभी. त्यांनी मागे न बघता सांगितलं, "हात खाली घे." महिन्याभरात कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत एकटे जाऊन येऊ लागले. दिवाळीनंतर त्यांनी घरी जायचा हट्ट धरला. आत्या सांभाळायला तयार होती, म्हणून मी नेऊन सोडलं.

पुढे दर महिन्याला जायचे तेव्हा ते धक्क्यावरच सापडायचे, जुन्या लोकांमध्ये बसलेले. काठी हातोहात फिरत असायची. बाबा तिच्यातल्या खोडी दाखवायचे. इथं जाड राहिलीय, इथं जास्त खरवडलीय, मूठ बरी हाय. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "दुसरी करायला सांगितलीय तिला."

सांगितलं नव्हतं. मी दुसरी केली नाही, त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. त्याच काठीवर ते आणखी तीन वर्षं चालले. रबरी टोपी मात्र मी दोनदा बदलून दिली.