बुडण्यासाठी टास्मानियाला

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून मेलबर्नमार्गे टास्मानियाला निघालो, तेव्हा आम्हा तिघांच्या सामानात मिळून चार रबरी पोशाख आणि मालवणी मसाल्याची मोहोरबंद पाकिटे होती. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट होती: एकदा तरी स्वतःच्या दमावर समुद्राच्या तळाशी जायचे आणि एक मासा घेऊन वर यायचे. पोहायला मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले, तेही मरीन परेडच्या आमच्या काँडोतल्या (खासगी गृहसंकुलातल्या) तलावात, शेजाऱ्यांच्या बालवर्गातील मुलांबरोबर. तरीही मित्रमंडळींच्या प्रत्येक जलसहलीत काठावर बसून सर्वांचे चष्मे सांभाळणे हे पद माझ्याकडे आपोआप चालत आले होते. या वेळीही कोरडे परतावे लागले, तर ते पद कायमचे स्वीकारायचे आणि पाण्याचा नाद सोडायचा, असे मी ठरवले होते. कोणाला सांगितले मात्र नव्हते. मनातले बोलून दाखवणे मला पोहण्याहूनही उशिरा जमणार, अशी चिन्हे होती.

सोबत मकरंद आणि शर्वरी हे जुरोंग ईस्टचे दांपत्य होते. मकरंद संगणक कंपनीत व्यवस्थापक. शर्वरी विद्यापीठात संशोधन करते. मकरंदांचा जन्म मालवणचा असल्यामुळे समुद्र ही आपली वडिलोपार्जित मिळकत आहे, असा त्यांचा समज आहे. ते सहाव्या वर्षी दादरला आले आणि त्यानंतर त्यांनी मासा फक्त बाजारात पाहिला, ही तळटीप शर्वरी न चुकता जोडते.

आम्ही जे करायला निघालो होतो, त्यात पाठीवर हवेची टाकी नसते. श्वास रोखून खाली जायचे, रबराच्या ताणावर सुटणाऱ्या हातभाल्याने मासा टिपायचा आणि दम संपण्यापूर्वी वर यायचे. सिंगापुरात असली हत्यारे सहजासहजी बाळगता येत नाहीत. म्हणून सराव झाला तो आमच्या तलावात, फरशी पुसण्याच्या दांड्याने. तिसऱ्या रविवारी पहारेकरी काका काठावर येऊन उभे राहिले आणि अत्यंत सौजन्याने, शेवटी सिंगापुरी बोलीतला 'लाह' लावून, मला म्हणाले, "आंटी, पूल तुम्ही नाही साफ करायचा लाह. कॉन्ट्रॅक्टर आहे." मी त्यांचे आभार मानले. खरे कारण सांगण्यापेक्षा ते सोपे होते.

याच तलावात आमच्या हातून मूळ चूक घडली, आणि ती विषुववृत्तावर राहणाऱ्या माणसांच्याच हातून घडू शकते. थंड पाण्यासाठी आणलेले जाड रबरी पोशाख सिंगापूरच्या उकाड्यात अंगावर चढवणे अशक्य होते. मी एकदा शयनगृहात वातानुकूलन लावून प्रयत्न केला आणि मुलीला बोलावून स्वतःची सुटका करून घेतली. त्यामुळे सारा सराव पातळ पोशाखात झाला. पाण्यात खाली जाता यावे म्हणून कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा बांधतात. कोणाला किती शिसे लागते, याचा हिशेब मकरंदांनी तलावात काटेकोरपणे मांडला. रबर जितके जाड तितके ते जास्त तरंगते, हे आम्हा तीन उच्चशिक्षितांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

सप्टेंबरमधील टास्मानियाची सकाळ पाहून मला प्रथम वाटले की कोणीतरी जगाचे वातानुकूलन बंद करायला विसरले आहे. धक्क्याच्या टपरीत कोपी-ओ (सिंगापूरची दुधाविना, गोड काळी कॉफी) मिळणे शक्यच नव्हते. जे मिळाले ते निदान गरम होते. आमच्या नावेच्या मालकीण मार्गारेटबाई पिकल्या केसांच्या, मोजके बोलणाऱ्या होत्या. त्यांनी शिशाच्या तुकड्यांनी भरलेली एक पेटी दाखवून विचारले, हे जादा घेऊ का? मकरंदांनी हिशेब अचूक असल्याचे सांगितले. बाईंनी आमच्याकडे एकवार पाहिले आणि पेटी धक्क्यावरच ठेवली.

मकरंदांनी तेथे आणखी एक निर्णय जाहीर केला. जाड पोशाखात छाती आवळते, तेव्हा ते पातळ पोशाखातच उतरणार होते. शर्वरीने फक्त, "मालवणचं पाणी नाही हे," एवढे म्हटले. त्यांनी ते ऐकले नाही.

खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला. पाणी काचेसारखे स्वच्छ होते आणि तळाशी केल्पचे (समुद्रात उगवणाऱ्या उंच, पट्टेदार शेवाळाचे) तपकिरी रान संथ डोलत होते. येथील रीत अशी, की एकाने बुडी मारायची आणि दुसऱ्याने वर तरंगत त्याच्यावर नजर ठेवायची. माझी पहिली पाळी आली. मी शास्त्रशुद्ध श्वास घेतला, कमरेत वाकले आणि डोके खाली घातले. डोके गेले, उरलेली मी गेले नाही. पाय हवेत लाथा झाडत राहिले आणि थोड्याच वेळात मी बाटलीच्या बुचासारखी जशीच्या तशी वर आले. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. नावेवरून मार्गारेटबाई शांतपणे म्हणाल्या की, त्या गेली अनेक वर्षे लोकांना बुडण्यापासून वाचवत आल्या आहेत. उलटी अडचण प्रथमच पाहत आहेत.

शर्वरीचीही तीच गत होती, पण ती हसत होती. मला हसू येईना. धक्क्यावर परत जाऊन पेटी आणू या, असे म्हणायला हवे होते; पण आपल्यापायी सर्वांची सकाळ कशी वाया घालवायची, या विचाराने मी गप्प राहिले.

मकरंद मात्र खाली जात होते. पातळ पोशाखाला त्यांचे शिसे पुरेसे होते. त्यांच्यावर नजर ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आणि ते मी परीक्षेतील पर्यवेक्षिकेच्या निष्ठेने केले. म्हणूनच मला दिसले, की त्यांची प्रत्येक बुडी आधीच्याहून आखूड होत आहे. ओठ जांभळे पडले होते. भाला धरलेला हात असा कापत होता, की मासे दुरूनच सावध होत असावेत. कसे काय, असे विचारले तर दात वाजवत म्हणाले, "उत्तम. ताजंतवानं वाटतंय."

त्यांना नावेवर चढायचे होते आणि मला खाली जायचे होते; दोघांपैकी कोणीही बोलत नव्हते. थंडी वाजते का, असे विचारून उपयोग नव्हता. आपले मागणे दुसऱ्याच्या सोयीचे असू शकते, हे मला तोवर कधी सुचलेच नव्हते.

"मकरंद," मी म्हणाले, "तुमचा पट्टा मला द्या. मला खाली जायचंय."

"अहो ताई, आधी नाही का सांगायचं?" असे म्हणून ते इतक्या चपळाईने नावेवर चढले, की नाव कलली. मार्गारेटबाईंनी घोंगडी आधीच काढून ठेवली होती.

त्यांचे शिसे माझ्या पट्ट्यात ओवले. शर्वरीने वरून पाहण्याची जबाबदारी घेतली. मी वाकले, आणि या वेळी पाण्याने मला आत घेतले. केल्पचे पट्टे दोन्ही बाजूंनी बाजूला होत गेले. तळाशी कसलाच आवाज नव्हता. खडकामागून एक लेदरजॅकेट (खरखरीत कातडीचा, डोक्यावर काटा असलेला मासा) बाहेर आला आणि पळून जाण्याऐवजी माझी चौकशी करायला जवळ येऊ लागला. इतक्या अगत्याने आलेल्या पाहुण्यावर भाला उगारणे मला शिष्टाचाराला धरून वाटेना. पण दम संपत आला होता. मी रबर सोडले.

वर आले तेव्हा मासा भाल्यावर होता आणि माझ्या तोंडून निघालेला आवाज सुशिक्षित स्त्रीचा नव्हता. मार्गारेटबाईंनी मासा मोजला, नियमात बसतो म्हणाल्या, आणि येथील मुले याच माशापासून सुरुवात करतात, अशी पुस्तीही जोडली. त्याने माझा आनंद तसूभरही कमी झाला नाही. त्यांनी माशाची कातडी एका ओढीत अंगरख्यासारखी उतरवली. माझा पोशाख उतरवायला दोघी जणी लागल्या. धक्क्यावरच्या शेगडीवर मालवणी मसाला लावून तो तळला. चौघांत दोन-दोन घास आले. घोंगडीतल्या मकरंदांनी आपले दोन घास फार मनापासून खाल्ले.

सिंगापूरला परतल्यावर पुढच्या शनिवारी जुरोंग ईस्टला त्यांच्याकडे मित्रमंडळी जमली. मकरंदांनी हकीकत रंगवून सांगितली. ताईंना खाली जाता येईना, त्यांची ती तळमळ पाहवेना, तेव्हा मी माझी शिकार बाजूला ठेवली आणि कमरेचा पट्टा सोडून दिला, असे ते म्हणाले. सर्वांनी वाहवा केली. शर्वरीने माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडीन, असे तिला वाटले असावे.

आजवर मी अनेक ठिकाणी गप्प बसले आहे आणि दर वेळी घरी येऊन, काय बोलायला हवे होते, याची मनात उजळणी केली आहे. त्या संध्याकाळी मी पापलेटचा आणखी एक तुकडा वाढून घेतला आणि मकरंदांना विचारले, पुढच्या वेळी कुठे जायचे? घरी आल्यावर कसलीही उजळणी करावी लागली नाही. मला लगेच झोप लागली.