ओट्यावरची अकादमी

"थांबा, शब्द येतो आहे," असं म्हणून ते डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची चिमूट हवेत धरायचे, जणू तिथे एखादं फुलपाखरू येऊन बसणार आहे. तुमच्याही शेजारात असा कुणी असेल, ज्याच्याजवळ बसलं की वेळ विरघळून जातो.

बँकेच्या बदलीने मी कुंभकोणमला आलो आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहिलो. गल्ली त्यांना 'सार', म्हणजे सर, म्हणायची, मीही म्हणू लागलो. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. सारांची उमेदीची वर्षं मात्र जर्मनीतल्या एका विद्वत्सभेत, संस्कृतच्या कोशावर गेली. तिला ते नुसतं 'अकादमी' म्हणत. त्यांची बायको, अक्का, सासू-सासऱ्यांसाठी इथेच राहिली होती.

संध्याकाळी देवळातली घंटा शांत झाली की ते ओट्यावर बसून सांगत. अकादमी एका राजाने काढली. सुरुवातीला पंचांगं विकून पंडितांचा खर्च चाले. पुढे युद्धात इमारत जळाली. शब्दांच्या चिठ्ठ्या मिठाच्या खाणीत लपवल्या म्हणून वाचल्या. मग देशाच्या मधून भिंत आली, तर दोन्हीकडचे लोक एकच कोश करत राहिले. ऐकताना मला त्या खाणीत पांढऱ्या अंधारात झोपलेले शब्द दिसत.

कोश पुरा कधी होणार, असं मी एकदा विचारलं.

"पुरा करायला कुणी बसत नाही," ते म्हणाले. "पुढच्याच्या हाती द्यायला बसतात."

इथली मराठी मात्र कुणाच्या हाती द्यायची, हे त्यांना कळत नव्हतं. मुलं चेन्नईत, नातवंडांना ती येत नव्हती. म्हणून दर शुक्रवारी ओट्यावर बैठक भरू लागली. एक निवृत्त मास्तर, एक रेशमाचे व्यापारी आणि मी. एकेका जुन्या शब्दावर संध्याकाळ जायची. अक्का काफी आणून ठेवायची नि आत वळायची. ते शिकलेल्यांचं काम, म्हणायची.

मग एके दिवशी सारांचा उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून घरी आले ते फक्त जर्मन बोलत. ते बोलत, अक्का नुसती बघत राही. "पुन्हा तिकडेच गेले," ती मला हळूच म्हणाली.

पण ती हटली नाही. रोज त्यांच्यासमोर बसून पळी दाखवायची, तांब्या दाखवायची, नाव सांगायची. ते डोळे मिटून डाव्या हाताची चिमूट धरायचे. शब्द यायचा नाही.

मार्गळी या तमिळ महिन्यातल्या एका थंड सकाळी गल्लीत धुकं उतरलं होतं, कुठूनतरी भजन तरंगत येत होतं. अक्काने पेला पुढे केला.

"काफी होणा?" आपण 'हवी का' म्हणतो, ते इथे असं विचारतात.

सारांनी डोळे मिटून चिमूट धरली. "होणा," सार म्हणाले.

अक्काने पदर तोंडाशी धरला.

त्यानंतर शब्द थोडेथोडे परतले, सगळे नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेतच सार गेले.

तेरावा झाल्यावरच्या शुक्रवारी आम्ही सवयीने ओट्यावर जमलो. अक्का काफी घेऊन आली, पेले ठेवले, पण आत गेली नाही. खांबाला टेकून बसली आणि तिच्या आजीच्या तोंडचा एक शब्द तिने सांगितला. आमच्यापैकी कुणीच तो ऐकला नव्हता.