मावसाजींच्या भरवशावर चाललेली यंत्रं

यंत्रं वीज, तेल नाहीतर सेल यांच्यावर चालतात हा लोकांचा गैरसमज आहे. ती आमच्या मावसाजींच्या भरवशावर चालत असत. सगळ्या जगाचं मी सांगत नाही, पण कारंज्याच्या बाजारातली तरी नक्कीच. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा मुंबईला होता आणि ते स्वतः तारघरातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर टकटक ऐकलेल्या त्या माणसाच्या बोटांना निवृत्ती मान्य नव्हती. बसतील तिथे, टेबल असो की स्वतःचा गुडघा, ती वाजत राहायची. कोणाला तार करता, असं एकदा मी विचारलं तर म्हणाले, "कोणाले नाई रे. लाइन चालू हाय का ते पाहून राह्यलो." सगळा बाजार त्यांना मावसाजीच म्हणे, त्यामुळे कापसाच्या निम्म्या व्यापाऱ्यांचा मी विनाकारण मावसभाऊ लागत होतो. उधारी मागायला मात्र हे नातं फार आड यायचं.

ही आणीबाणी उठल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. माझं वह्या-पेनांचं दुकान होतं आणि दुकानात एक जुना मराठी टाइपरायटर होता. त्यावर मी लोकांचे अर्ज एका बोटानं टाइप करून देत असे. मावसाजींच्या मते ते बोटही चुकीचं होतं. रोज सकाळी अंघोळ उरकून, धुतलेलं धोतर नेसून ते बाजाराच्या फेरीला निघत आणि वाटेतल्या प्रत्येक दुकानाला न मागता एकेक सूचना देत. "बापू, रिबन फिकी पडली म्हणून फेकू नको, उलटी करून लाव. खालची बाजू कोरीच राह्यते." "कार्बन म्हातारा झाला तं घडीभर उन्हात धर, पुन्हा काळा उमटते." फोनवर बोलताना अख्ख्या बाजाराला भाव ऐकवणाऱ्या सरकीवाल्या शेटजींना ते सांगत, "वरडता कायले? तार लांब हाय शेटजी, बहिरी नाई." यातलं निम्मं खरं निघे आणि निम्म्यानं नुकसान होई, पण सांगताना दोन्हींचा थाट सारखाच.

सूचना झाल्या की बातम्या. मुलगा मुंबईत ज्या कंपनीत होता तिथं कॉम्प्युटर आला होता. तेव्हा कारंज्यात तो शब्द उच्चारताना लोकांची जीभ दोनदा अडखळायची. मावसाजींनी तो कधी पाहिला नव्हता, पण त्याचं वर्णन ते सोयऱ्याच्या पोराचं करावं तसं करत. त्याला वेगळी थंड खोली लागते, आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात, धूळ सोसत नाही. हे समजल्या दिवसापासून ते माझ्या टाइपरायटरपुढेही चपला काढूनच येऊ लागले आणि मलाही काढायला लावल्या. त्या पावसाळ्यात माझ्या चपलांचे दोन जोड चोरीला गेले. एकदा शेटजींच्या गादीवर त्यांनी जाहीर केलं की हे यंत्र हिशोबात कधी चुकतच नाही. शेटजी गंभीर झाले.

"कधीच नाई?"

"कधीच नाई."

"मंग चूक झाली तं शिव्या कोणाले द्याच्या?"

मावसाजींनी बराच विचार केला आणि म्हणाले, "म्हणूनच सांगतो, मुनीम काढू नका."

घरी मात्र ते एकटेच. बाहेर पडताना रेडिओ चालू ठेवून कुलूप लावायचे. विचारलं तर सांगायचे, सारखा चालू-बंद केला की त्याचे व्हॉल्व्ह जातात. मीही बरेच दिवस ते खरं मानलं आणि माझ्या घरी करून पाहिलं. विजेचं बिल बघून बायकोनं माझेच व्हॉल्व्ह तपासायला काढले. एकदा त्यांच्याबरोबर फेरीहून परत आलो. ते कुलपात किल्ली घालून क्षणभर थांबले. आत कोणीतरी बाई शेतकऱ्यांसाठी हवामान सांगत होती. मावसाजींनी ते ऐकलं आणि मग दार उघडलं. बोलत्या घरात शिरायची त्यांना मावशीपासूनची सवय होती.

त्या दिवाळीला मुलगा आला तो दोन वस्तू घेऊन. एक, शेटजींनी मावसाजींच्या आग्रहावरून मुंबईहून मागवलेला कॅल्क्युलेटर. लाल आकडे पेटणारा, तळहातावर मावणारा. आणि दुसरी वस्तू म्हणजे वडिलांचं मुंबईचं तिकीट. परत न येण्याचं. "दादा, इथं यांचं आहे कोण?" तो मला म्हणाला. मी होतो, पण मी त्याला चहा घेणार का तेवढं विचारलं. मावसाजी त्याला एवढंच म्हणाले, "तुह्या घरी सगळं नवं हाय. नवं लवकर बिघडत नाई. मी दिवसभर करू काय?" मुलगा हसला आणि त्यांची ट्रंक भरू लागला.

इकडे कॅल्क्युलेटर शेटजींच्या हातात देताना मावसाजींनी बजावलं होतं, "याले खेळणं समजू नका. वहीले देता तोच मान याले द्या." शेटजी शब्दाचे पक्के. लक्ष्मीपूजनाला वह्यांच्या शेजारी पाटावर त्यांनी कॅल्क्युलेटर मांडला. पण घरातली चांदीची नाणी पंचामृतानं न्हातात, आणि या नव्या लक्ष्मीला कोरडीच बसवायची, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी त्यालाही ताम्हनात घेतलं. दूध, दही, तूप, मध, साखर, वरून शुद्धोदक. मग पुसून, कुंकवाचं बोट लावून, अक्षता वाहून सगळ्यांनी हात जोडले. आकडे एकदा लाल पेटले, शेटजींना तो आशीर्वाद वाटला, आणि ते विझले.

पाडव्याच्या सकाळी शेटजी स्वतः मावसाजींच्या दारात उभे. इतक्या वर्षांत ते त्या घरी पहिल्यांदा आले होते. रुमालात गुंडाळलेलं यंत्र पुढे करून म्हणाले, "मावसाजी, मशीन बोलून नाई राह्यलं. आमची काही चूक झाली का?" मावसाजींनी रुमाल उघडून वास घेतला. मला वाटलं आता बोल लावतील. पण त्यांनी विचारलं, "दही आंबट होतं का गोड?" कारण दोन्हींना वेगळं औषध लागतं म्हणे! मग डॉक्टरांकडून स्पिरिट आलं, माझ्या दुकानातला चित्रकलेचा कोरा ब्रश आला (तो आजतागायत परत आलेला नाही), आणि ओसरीवर शस्त्रक्रिया सुरू झाली. एकेक बटण पुसून झाल्यावर ओल शोषायला त्यांनी शेटजींच्याच जिनिंग कारखान्यातला पांढराशुभ्र कापूस मागवला, त्यात ते यंत्र बाळंतिणीच्या पोरासारखं गुंडाळलं आणि पानाच्या डब्यात घालून उन्हात ठेवलं. तिकिटाचा दिवस आला तरी डबा उन्हातच. मुलगा ट्रंकेवर बसून म्हणाला, "बाबा, गाडी चुकेल." मावसाजी डब्याकडे बघत म्हणाले, "तू हो पुढं. याले असं सोडून कसा येऊ?"

मी त्याला एसटीवर पोचवायला गेलो. मावसाजीही आले. मुंबईची रेल्वे मूर्तिजापूरहून मिळे, तिथली गाडी लागली होती. चढता चढता पोराच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, लोक चहा पाजतात म्हणून तुम्हाला वाटतं त्यांचं तुमच्यावाचून अडतं. कोणाचं काही अडत नाही हो." बोलून तोच ओशाळला, खिडकीतून हात धरून मला म्हणाला, "काही झालं तर तार करा." गाडी गेली. मावसाजी धोतराचा सोगा धरून धुरळा खाली बसेपर्यंत उभे होते. बोटं वाजत नव्हती.

डब्यातलं यंत्र चौथ्या की पाचव्या दिवशी बोलू लागलं. बरोबरच्या चिन्हाचं बटण तेवढं मधामुळे चिकटायचं, ते दोनदा दाबावं लागे. उत्तर गोड येतं, असं शेटजी गिऱ्हाइकांना सांगत. पण मावसाजींची फेरी बंद झाली. ट्रंक त्यांनी रिकामी केली नाही, तशीच भिंतीशी ठेवली. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "कोणाचं काही अडलं असलं तं येतो. उगाच चहा प्याले काहून येऊ?" रेडिओ मोठ्यानं चालू होता आणि ते घरातच होते.

आणि मग त्या हिवाळ्यात बाजारातली यंत्रं बिघडू लागली. पहिल्यांदा शेटजींचा कॅल्क्युलेटर गेला. मावसाजींना निरोप गेला, ते धावत आले, मागचं झाकण काढलं. सेल उलटे बसलेले होते. ते सरळ झाले, चहा झाला, कॉम्प्युटरची एक बातमीही झाली. पुढच्या आठवड्यात सेल पुन्हा उलटे. शेटजींकडे मी बघितलं तर ते छताकडे बघत होते. नंतर कोणाचा फोन मुका झाला, कोणाच्या घड्याळाची चावी फिरेना. माझ्या टाइपरायटरची रिबन तर दर गुरुवारी आपोआप चाकावरून उतरू लागली. आम्ही कोणी कोणाशी एका शब्दानं बोललो नव्हतो. मावसाजी पुन्हा धुतलेलं धोतर नेसून सकाळी निघत. फरक एवढाच की आता बोलावणं असे. संक्रांतीला गेलो तेव्हा भिंतीशी ट्रंक नव्हती. ती माळ्यावर चढली होती.

एका गुरुवारी ते आले, चपला काढल्या, रिबन बघितली. सावकाश, जणू घाई केली तर तिला लागेल, अशा बेतानं ती चाकावर बसवली. चहा प्याले. निघताना दारात थांबले आणि बाजाराकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "बापू, शेटजीले एक सांगजो."

"काय मावसाजी?"

"सेल उलटे टाकत नको जाऊ म्हणा. उलट्या सेलानं मशीन मरते. बटणात सुपारीचं खांड अडकवा म्हणा, त्यानं काही होत नाई." आणि चपला घालून जाता जाता, "तुही रिबनची आयडिया बरी हाय. तेच चालू ठेव."

ते पुढे बरीच वर्षं येत राहिले. शेटजींच्या यंत्रात सुपारी अडकत राहिली. त्यांच्या हयातीत कॉम्प्युटर काही कारंज्यात आला नाही. आला असता तर त्याचंही काही ना काही आम्ही नीट बिघडवलं असतं.

मावसाजी गेले त्याला आता पुष्कळ काळ लोटला. टाइपरायटर अजून दुकानात आहे. मी त्याच्यापुढे अजून चपला काढूनच बसतो. गुरुवारी दुपारी गिऱ्हाईक नसलं की रिबनवर एकदा बोट फिरवून बघतो. ती घट्ट असते, जागच्या जागी. महिनोन् महिने त्याचं काही म्हणता काही बिघडत नाही.