घर तुझंच आहे, बाळा

आमच्या शिराझमधला भटारखानेवाला पैसे घेताना म्हणतो, "राहू द्या हो, तुमच्यापुढे काय मोठंसं." हात मात्र पुढेच धरलेला असतो. ते ऐकून कुणी खरंच नान काखेत मारून चालू लागत नाही. याला आम्ही तआरुफ म्हणतो आणि आईच्या दुधाबरोबर शिकतो. गल्लीत तआरुफात तूरान-खानमचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या घरी चोर शिरला तर आधी चहा पिऊनच चोरी करावी लागेल, असं फत्ताने म्हणायची. फत्ताने म्हणजे समोरच्या शिंप्याची बायको. कात्री नवऱ्याच्या दुकानात आणि धार हिच्या जिभेला.

तूरान-खानमला मूलबाळ नव्हतं. नवरा गेला आणि मागे राहिलं अंगण, त्यातलं नारिंगाचं झाड आणि भाजीचे वाफे. पुदिना, कोथिंबीर, लसणीसारख्या वासाची तरे आणि मेथी. गुरुवार-शुक्रवार म्हणजे आमची सुट्टी. गुरुवारी सकाळी ती भाजी कापायची, मग अंगणात सतरंजी पडायची आणि गल्लीतल्या बायका निवडायला बसायच्या. कोथिंबिरीची काडी इकडे, कुणाच्या सुनेची गोष्ट तिकडे. पुरुषांत मी एकटा. "हबीब-आगांना बातम्या निवडायला बसवा, त्यात त्यांचा हात चालतो," असं फत्ताने म्हणे, आणि ते खोटं नव्हतं.

त्या गुरुवारी मात्र बातमी तूरान-खानमचीच होती. नवऱ्यामागे घराचा मोठा वाटा दिराच्या मुलाकडे, सियामककडे गेला होता. तो लहानपणापासून जर्मनीत. पोरगा सज्जन. मागच्या आठवड्यात त्यानं फोनवर विचारलं होतं, "काकू, एक बिल्डर घर मागतोय. देऊ का? तुम्हाला चालेल?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" फत्तानेनं विचारलं.

तूरान-खानम मेथी खुडत राहिली. "म्हटलं, घर तुझंच आहे, बाळा. मी काय, पाहुणी."

"अहो, आणि तो काय म्हणाला?"

"आभारी आहे म्हणाला."

आमच्यातला कुणीही असता तर म्हणाला असता, "छे छे काकू, असं बोलून मला लाजवू नका," आणि विषय तिथंच मिटला असता. या पोराला फारसी शब्द सगळे येत होते, चाल येत नव्हती.

"आता तो शिराझला आलाय, उद्या जेवायला येतोय ना?" फत्ताने म्हणाली. "तोंडावर सांगा. मला इथंच राहायचंय, एवढंच. तीन शब्द आहेत."

"सांगते."

"तालीम करू. हबीब-आगा, तुम्ही सियामक व्हा."

मी टोपी काढली, तरुण दिसावं म्हणून. "काकू," मी म्हणालो, "घर विकू का?"

तूरान-खानमनं माझ्याकडे पाहिलं, हातातली काडी खाली ठेवली आणि म्हणाली, "जीव ओवाळून टाकते तुझ्यावरून, घर काय मोठं."

बायका हसून हसून मागे कलंडल्या. ती स्वतःही हसली. मग वाफ्याकडे बघून हळूच म्हणाली, "उद्या सांगते. हे सोडून मी कुठं जाऊ?"

शुक्रवारी तिनं गोर्मे-सब्जी केली. बारीक चिरलेली भाजी मंद आचेवर काळपट होईपर्यंत परतायची, मग मटण, राजमा आणि सुकी लिंबं घालून दुपारपर्यंत शिजू द्यायची. मेथी चिमूटभर जास्त पडली की सगळं कडू. तिच्या हातून कधी पडली नाही. वास पार मशिदीपर्यंत जायचा. फत्ताने आणि मी सकाळपासून आपापल्या दारात काही ना काही काम काढून उभेच होतो, म्हणून तिनं आम्हालाही बोलावलं.

सियामक आला, उंच, लाजरा. भाताच्या तळाची खरवड तिनं सगळी त्याच्या ताटात घातली. तो तीनदा वाढून घेऊन जेवला. मग चमचा ठेवून म्हणाला, "काकू, मोकळं सांगा. तुम्हाला इथं राहायचं असेल तर मी बिल्डरला नाही म्हणतो. मला घाई नाही."

यापेक्षा सरळ काय विचारणार कुणी. फत्तानेनं माझ्या पायावर पाय दिला.

"छे रे," तूरान-खानम म्हणाली, "तुझ्यापुढे घराची काय किंमत."

"खरंच?"

"माझ्या डोळ्यांवर तुझी जागा. घर तुझंच आहे."

तो थोडा हसला. "बाबा सांगायचे, आपल्या माणसांना तीनदा विचारावं, तिसऱ्यांदा खरं बोलतात. म्हणून पुन्हा विचारतो. विकू?"

बिचारा अभ्यास करून आला होता. पण तो नियम पाहुण्याला आग्रह करताना. दोनदा नको म्हणून पाहुणा तिसऱ्यांदा घेतो. यजमान दिलेला शब्द परत घेतो, असं त्यात कुठंच नाही.

फत्तानेला राहवलं नाही. "अहो, त्यांना जायचं नाहीये. हा वाफा सोडून त्या मरतील."

तूरान-खानमचा चेहरा लाल झाला. पाहुण्याच्या ताटावर तिच्या घरात असं कुणी बोललं नव्हतं. "फत्ताने थट्टेखोर आहे," ती म्हणाली. "वाफे म्हणजे कंबरेचं दुखणं. वीक, बाळा. खाऊनपिऊन सुखी राहा."

सियामकच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्यानं उठून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. जाताना तिनं सुकवलेल्या भाजीची मोठी पिशवी त्याच्यासोबत दिली.

दार लागल्यावर फत्ताने म्हणाली, "अजून फोन करता येईल." तूरान-खानमनं ताटं उचलली. "एकदा तोंडातून गेलं," ती म्हणाली. पुढे आम्ही दोघांनी सियामकला फोन केला. तोही धावत तिला विचारायला आला आणि तेच उत्तर घेऊन गेला.

पानगळीच्या आत अंगण गेलं. नारिंगाचं झाड कापताना ती भाचीकडे होती. आता तिथंच असते, तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उत्तरेची. तिथं तिनं डब्यात मेथी लावली, ती दोऱ्यासारखी लांब वाढून उजेडाकडे झुकली आणि आडवी झाली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. गुरुवारी आता कुणी निवडायला जमत नाही. बाजारात चिरलेली भाजी पाकिटात मिळते, निवडायचं काय.

परवा शुक्रवारी तिनं फत्ताने आणि मला जेवायला बोलावलं. गोर्मे-सब्जी होती. पहिला घास घेतला आणि फत्तानेनं माझ्याकडे पाहिलं. कडू होती, जीभ आखडावी इतकी.

"कशी झालीय?" तूरान-खानमनं विचारलं.

"तुमचे हात कधी दुखू नयेत," मी रीतीप्रमाणे आभार मानत म्हणालो.

"खरं सांगा, हबीब-आगा. पाकिटातली मेथी मला समजत नाही."

"पहिल्यासारखीच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. फत्तानेनं, त्या धारदार जिभेच्या फत्तानेनं, ताट पुढे केलं आणि म्हणाली, "मला अजून वाढा."