टेबलावरचा दुसरा कप

फ्रेमकाका नाकावर माशी बसू देत नसत. तीस वर्षं चित्रांना चौकटी बसवताना आपलं माप कधी चुकलं नाही, हे ते गिऱ्हाइकाने न विचारताही सांगत. म्हणूनच आज प्रदर्शनात उभ्या उभ्या त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तोही स्वतःवरच.

चित्रात उंच इमारतीतली एक खोली होती. खिडकीपाशी टेबल, टेबलाशी माणूस, पुढ्यात एक कप. बघणारे हळहळत होते, शहरातला एकटेपणा किती नेमका पकडलाय म्हणत होते. डोंबलाचा एकटेपणा! डाव्या कडेला दुसराही कप होता, काकांना पक्कं आठवत होतं. काचेखाली चित्राभोवती बसतो त्या पुठ्ठ्यातली मोकळी चौकट त्यांनी घाईत अर्धा इंच लहान कापली आणि नेमका तोच झाकला गेला. त्या माणसाची बायको आत स्वयंपाकघरात असणार आणि हे लोक त्याला उगाच बिचारा ठरवत होते.

बिचारा हा शब्दच काकांना खपत नसे. त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता आठ महिने झाले. शेजारी कीव करत. काकांनी मात्र हट्टाने तिला एकदाही विचारलं नव्हतं, कधी येतेस म्हणून. फोनवर आपलं ठरलेलं, माझं झकास चाललंय.

चित्रकारबाई दिसताच काकांनी चूक कबूल केली आणि पुठ्ठा नव्याने कापून देतो म्हणाले. त्या माणसाला आपण फुकट एकटं पाडलं, हेही सांगून टाकलं.

"द्या की कापून," बाई म्हणाल्या. "पण काका, तो कपही त्याचाच आहे. कालचा. धुवायचा राहिलाय."

काका तणतणत घरी आले. असली चित्रं काढतात तरी कशाला, असं म्हणत त्यांनी कुलूप काढलं. टेबलावर दोन कप होते. एक सकाळचा, एक कालचा. कालच्याच्या तळाशी चहा वाळून बसला होता. त्यांनी तो घासघास घासला. डाग निघेना, तसा कप तिथेच टाकून ओल्या हातानेच त्यांनी फोन लावला.

"कधी येतेस?"



"आठ महिने झकास चाललंय म्हणत होतात," पलीकडून बायको म्हणाली. "मग मी येऊ तरी कोणासाठी?"

"खोटं बोलत होतो," काका चिडूनच म्हणाले.