वैजूच्या वाट्याचं मी बोलली

हे मी आतापर्यंत कोणालेच सांगितलं नाई. सबिहाले नाई, आईले तर नाईच नाई. तुमाले सांगून राह्यली कारण तुम्ही मले ओळखत नाई, अन् टाइप करतानी कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाई. भरभर लिहिते हं. थांबली तर सगळं पुसून टाकीन — मले माहीत आहे ना मी कशी आहे ते.

वैजू माझी लहान बहीण. आम्ही वडशाचे. बाबा वर्षभर राइस मिलमध्ये, पण दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, लागल्या, की नाटक कंपनीसोबत प्रॉम्प्टर म्हणून जायचे. आमच्या झाडीपट्टीतलं नाटक पाहिलं नसंन तर सांगते — आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरंच, पाठांतराले वेळ कुठी? म्हणून पडद्याच्या आडून प्रॉम्प्टर वाचत राह्यते अन् नट ते उचलून खणखणीत बोलते. लोकाईले सारं माहीत असते, तरी बाया पदर तोंडाले लावून रडतेच. मागून कोणी सांगितलं अन् पुढच्यानं म्हटलं — यात आमच्या घरी कोणाले काई वावगं वाटत नाई. वाटायले पायजे होतं का? मले तेव्हा नाई वाटलं.

मिलच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये कोंड्याचा डोंगर असायचा. शाळेतून आली की वैजू कोपरापर्यंत हात त्यात खुपसून बसायची. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक काडी आत यायची अन् तिच्यात कोंड्याची धूळ तरंगत राह्यची, सोनेरी, इतकी हळू, की खाली येतच नाई असं वाटायचं. उकडलेल्या धानाचा गोड वास. अन् वैजू त्या उन्हाकडे पाहत अख्खं नाटक बोलायची. सासू, सून, दारुडा, पोलीस पाटील, सगळे आवाज हुबेहूब. मी बाजूले आडवी पडून ऐकायची. मले वाटायचं आम्ही दोघी पाण्याखाली आहो अन् वरचं जग लय दूर आहे. किती सुंदर होतं ते! अन् मिलचा भोंगा वाजला की ती कान दाबून अशी किंचाळायची, जसं कोणी चटका दिला.

भाताले वरण लागलं की ताट सोडून द्यायची. वेणी घालतानी रडायची. पण पोरगी घुमी, पोरगी लाजरी — यात लोकाईले काऊन नवल वाटंन? पोरगा असता तर कदाचित कोणी पाहिलं असतं. अन् वैजू पाहून पाहून शिकायची ना! माझी मैत्रीण सबिहा, बांगड्यावाल्या चाचांची पोरगी, घरी यायची. एक दिवस वैजू हसली अन् सबिहा ओरडली, "या अल्ला, ही तं बिलकुल माझ्यासारखी हसून राह्यली! वैजू, चोर हाय तू!" आम्ही पोट धरून हसलो. वैजूपन हसली. सबिहासारखीच.

तिले कोणी अचानक काई विचारलं की मात्र गडबड. पाव्हण्यानं विचारलं, "काय बाई, कितवीत हाय?" तर ही नाटकातलंच वाक्य फेकायची, "मालक, या घराची अब्रू तुमच्या हाती!" मग मी तिले शिकवणं सुरू केलं. पाव्हणे आले की हे म्हणायचं, बाईंनी रागावलं की ते म्हणायचं. मी दाराआडून ओठ हलवायची अन् ती बोलायची. आई खूश, मीपन खूश. शाळा सुटली की मात्र वैजू कोपऱ्यात पडून राह्यची, दगडासारखी, जेवायलेबी उठत नसे.

ती आठवीत अन् मी दहावीत होती तेव्हा शाळेतल्या एका नव्या बाईंच्या लक्षात आलं. त्या घरी आल्या, म्हणाल्या, "या मुलीला आतून खूप त्रास होतोय. एकदा दाखवून घ्या." ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यात नागपूरचे डॉक्टर यायचे. आई म्हणे, "डोक्याच्या डॉक्टरकडे? उद्या लगन कोन करन हिचं?" तरी जायचं ठरलं. बाबा नाटकासोबत फिरतीवर, म्हणून आईबरोबर मी.

आता ते येऊन राह्यलं जे मले लिहायचं आहे.

वर्गातल्या पोरी मले कुजबुजत विचारायच्या, "तुझ्या बहिणीच्या डोक्यात काई फरक हाय का गं?" मले येडीची बहीण व्हायचं नव्हतं. बस. एवढंच कारण. आईले मी सांगितलं वैजूच्या भल्यासाठी तयारी करून घेते. अन् कोंड्याच्या ढिगावर, तिच्या त्या सोन्यासारख्या जागेवर बसवून मी तिले डॉक्टर पाठ करून दिला. मैत्रिणी आहेत का? हो, सबिहा. शाळा आवडते का? हो, मराठी आवडते. एकदा डोळ्यात पाहायचं, मग टेबलाकडे. एकदा हसायचं. ती म्हणे, "ताई, डोकं दुकते." मी म्हणे, "अजून एक बार."

बस वैनगंगेच्या पुलावरून गेली तेव्हा खाली पाणी दिसत नव्हतं, नुसतं धुकं अन् मधीमधी वाळू. वैजू काचेले नाक लावून माझीच वाक्यं पुटपुटत होती.

डॉक्टर भले होते. सगळे प्रश्न तेच निघाले. वैजू असली छान बोलली! मग त्यांनी पेन ठेवला अन् हळूच विचारलं, "बेटा, तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता.

वैजूनं वर पाहिलं. ती नाटकातलं नाई बोलली, माझंबी नाई. तिचं तोंड उघडलं, "मले..." — अन् थांबली. काई तरी येत होतं, लय खालून, तिचं सोताचं. मी पाहिलं ते. पाहूनच मी आईच्या मागून ओठ हलवले — कायचाच नाई.

"कायचाच नाई," वैजू म्हणाली. अन् सबिहासारखी हसली.

डॉक्टर हसले. "लाजरी आहे. बाकी छान आहे." आईनं स्टँडवर जिलेबी घेतली. वैजू येतानी कानावर हात ठेवून झोपली अन् मी दोघींच्या वाट्याची जिलेबी खाल्ली.

अकरावीले तिले ब्रह्मपुरीच्या होस्टेलात टाकलं. तिथी ओठ हलवायले कोण होतं? पोरी तिले टेप म्हणायच्या, "ए टेप, लाग ना." मग टेप बंद झाली. पूर्ण. घरी आणली तेव्हा ती पानीसुद्धा मागत नव्हती. लोक म्हणाले बाहेरचं आहे. पुजाऱ्याकडे नेली, तोंडावर धूर दिला. जी पोरगी अगरबत्तीनं ओकायची तिच्या तोंडावर! मी तिथी उभी होती. तिचे पाय मीच धरले होते.

मग मी बीएडले नागपूरले आली. एक दिवस मॅडम शिकवून राह्यल्या — ऑटिझम. पोरींमध्ये लवकर ओळखू येत नाई, म्हणे. त्या दुसऱ्याचं पाहून वागतात, बोलणं पाठ करतात, घरी येऊन गळून पडतात अन् सगळे म्हणतात लाजरी आहे. मले पंख्याचा आवाजबी ऐकू येईना. वाटलं मॅडम वैजूले ओळखते.

तिले नागपूरले दाखवलं. या डॉक्टरबाईंनीबी तेच विचारलं, कशाचा त्रास होतो. अन् वाट पाह्यली. लय वेळ. बाहेर रिक्षे, फेरीवाले. मी खाली फरशीकडे पाहत बसली.

"भोंगा," वैजू म्हणाली. "वरन भाताले लागते ते. अन् पाठ करून बोललं का मले मंग सोताचं काईच सापडत नाई."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. आईले विचारलं, आधी कधी दाखवलं नव्हतं का?

"दाखवलं होतं ना बाई!" आई भडकली. "ब्रह्मपुरीले. त्या मेल्यानं म्हनलं पोरगी चांगली हाय. सहा वर्सं वाया घालवले माया लेकराचे. डोये फुटले होते का त्याचे?"



आई अजूनही त्याले शिव्या घालते. तांदूळ निवडतानी, चहा गाळतानी, कोणी वैजूबद्दल विचारलं की. मी हो हो म्हणते. कप उचलून देते.

त्यानं वैजूले विचारलं होतं. ती सांगत होती.