ट्रेल मोठी की प्युअर?

पत्त्यांच्या अड्ड्यांवर मी इतके छापे घातले की पंचनामा झोपेतही लिहिला असता. पण एका सकाळी त्याच पत्त्यांनी मला माझ्याच खुर्चीत विद्यार्थी करून बसवलं.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. दहाचा सुमार. हजेरी आटोपली होती आणि मी स्टेशन डायरी चाळत होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आवाज चढला म्हणून उठलो. आमचे एक जुने हवालदार पोट धरून हसत होते आणि त्यांच्यापुढे सालेकसाकडची वीसेक वर्षांची एक मुलगी रागाने लाल होऊन उभी होती.

"सर, याईले सांगा न," ती मला म्हणाली. "मी खोटं नाई बोलून राहिली. आमचा मास्तर आमाले फसवून राहिला."

हकीकत अशी. ठाण्याच्या गावातच दोन महिन्यांपासून एक क्लास चालू होता. कॅसिनोत टेबलामागे उभं राहून पत्ते वाटणाऱ्याला डीलर म्हणतात, ते काम शिकवायचं आणि गोव्यात नोकरी लावून द्यायची. पहिल्या तुकडीत पाच मुली, ही त्यांतली एक. त्याच दिवशी दुपारी दोनच्या गाडीने त्या निघणार होत्या. मूळ गुणपत्रिका आणि आधार कार्ड मास्तरकडे.

"फसवतोय कशावरून?" मी विचारलं.

"मास्तर म्हनते ट्रेल सगळ्यात मोठी. मी मोबाईलवर पाह्यलं, कॅसिनोतल्या तीन पानाच्या खेळात प्युअर मोठी. इचारलं तं मलेच वर्गाबाहेर काढलं."

"अवो बाई," हवालदार म्हणाले, "ट्रेल मोठी रायते हे आपल्या लॉकअपच्या भिंतीलेही माहीत हाय!"

ज्यांनी कधी पत्त्याला हात लावला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन सारखी पानं, समजा तीन गुलाम, म्हणजे ट्रेल. एकाच रंगाची ओळीने तीन पानं, समजा इस्पिकची सत्ती, अठ्ठी, नव्वी, म्हणजे प्युअर. तीन पत्तीत ट्रेलच्या वर काही नाही. खरं सांगतो, मनातल्या मनात मीही हसलो. पण मूळ कागदपत्रं दुसऱ्याच्या ताब्यात आहेत हे मला खटकलं. मास्तरला बोलावणं धाडलं.

तो कडक इस्त्रीच्या शर्टात, हातात पत्त्यांचा जोड घेऊन, न घाबरता आला. सात वर्षं कॅसिनोत डीलर होतो म्हणाला. नेमणुकीची पत्रं दाखवली. कंपनीचा नंबर लावून दिला, पलीकडच्या माणसाने सगळं खरं असल्याचं सांगितलं. वर मलाच म्हणाला, "साहब, शक है तो आप खुद सीख लीजिए."

आणि मी शिकलो! कॅसिनोच्या या खेळात तीन पत्तीसारखे खेळाडू एकमेकांशी भिडत नाहीत, प्रत्येकाची लढाई फक्त डीलरशी. दोघांना तीन तीन पानं. आपली पानं पाहून खेळायचं की सोडायचं ते ठरवायचं. मग डीलर आपली उघडतो, पण त्याच्याकडे निदान राणी तरी हवी. राणीच्या खालचं निघालं तर त्या डावात डीलर बादच. ही राणीची अट मला फार आवडली. शिवाय दुसऱ्याला घाबरवून डाव जिंकायची सोयच नाही. मी चार डाव खेळलो आणि तीन जिंकलो. तो सांगत होता ते मला पटत होतं, कारण निम्मं मला आधीच ठाऊक होतं. मी त्याच्यासाठी चहासुद्धा मागवला. ही चूक सर्वस्वी माझी.

साडेअकरा वाजले होते. दारात उभी असलेली मुलगी तडक आत आली.

"सर, माह्यावर नका इस्वास ठेवू. मोजून पाहा."

तिने टेबलावर चार एक्के मांडले. चारांतला एक बाजूला केला की एक ट्रेल, म्हणजे एक्क्यांच्या ट्रेल चार. अशी तेरा पानं. तेरा चोक बावन्न. मग एका रंगाची तेरा पानं ओळीने लावली आणि बोट सरकवत मोजलं. एक्का-दुरी-तिरीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा प्युअर. रंग चार. बारा चोक अठ्ठेचाळीस.

"जे कमी वेळा येते थे मोठं. तीन पत्तीत आपल्या लोकाईनं उलटं धरलं. कॅसिनोवाले काऊन उलटं धरतीन?"

हवालदारांनी पेन्सिलीने दोनदा हिशेब केला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. मी बाहेर येऊन गोवा पोलिसांतल्या माझ्या एका मित्राला फोन लावला. दहा मिनिटांत त्याने एक खराखुरा डीलर गाठून दिला. तो म्हणाला, "प्युअरच मोठी. ट्रेल मोठी समजणारा डीलर पहिल्याच दिवशी घरी जाईल." मी अक्षरशः उडालो!

आत येऊन मी आवाज चढवला नाही. मास्तरसमोर तीन गुलाम ठेवले, शेजारी इस्पिकची सत्ती, अठ्ठी, नव्वी.

"सात वर्षांच्या अनुभवाने सांगा. कोण जिंकलं?"

त्याने पानांकडे पाहिलंच नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. ज्याला येतं तो वस्तूकडे बघतो, ज्याला येत नाही तो विचारणाऱ्याकडे.

"ट्रेल... नहीं, प्युअर. साहब, हर जगह अलग होता है..."

पंच बोलावले, मोबाईल ताब्यात घेतला, तिकिटं उघडली. गोव्याला जायचं तर नागपूरकडे निघावं लागतं. ही पाचही तिकिटं हावड्याच्या बाजूची होती. मुलगी वाकून बघत होती.

"सर, हे गाडी तं आमच्या गावावरूनच जाते," ती हळूच म्हणाली.

एक वाजून गेला होता. जीप काढली. स्टेशनवर बाकीच्या चौघी बॅगा घेऊन उभ्या, त्यांच्याजवळ एक अनोळखी इसम. मी कंपनीचा तो नंबर लावला. त्या इसमाच्या खिशात फोन वाजला! हवालदारांनी वयाला न शोभणारी झेप घेऊन त्याला धरलं. त्या चार मुलींना परत फिरताना पाहून मला जो आनंद झाला तो कुठल्याच बक्षिसाने झाला नाही. पुढच्या तपासात त्यांना कुठे नेणार होते ते कळलं. ते इथे लिहवत नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट कायमची शिकवली. समोरचा आपल्याला आधीच माहीत असलेलं बोलत असेल, तर पोलिसाने तिथेच जास्त सावध व्हावं. ज्या नियमावरून आम्ही दोघे जुने पोलीस त्या मुलीला हसलो, तो तिने स्वतः ताडून पाहिला होता.

संध्याकाळी महिला शिपाई शेजारी बसवून हवालदारांनी तिचा जबाब लिहायला घेतला. नाव झालं, वय झालं. धंद्याच्या रकान्याशी त्यांचं पेन अडलं. नोकरी तर दुपारीच बुडाली होती.

"काय लिवू वो बाई? बेकार लिवू का?"

रडून सुजलेले डोळे तिने पुसले.

"बेकार कायले? शिकून राहिली न मी. शिक्षण लिवा."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ठळक अक्षरात लिहा."